गोल झाल्यावर गोलरक्षक काय करतो?

आईस हॉकीच्या सामन्याची झलक मोबाइलवर पाहिली, की तीत दोन गोष्टी हमखास दिसतात: रिंकच्या कडेच्या फळीवर एकमेकांना आदळणारे खेळाडू आणि हातमोजे फेकून जुंपलेली मारामारी. त्यामुळे हा राग आणि ताकदीचा खेळ, आणि यात टिकणारा माणूस दगडी काळजाचा, अशी समजूत होते. अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमधले खेळाडू जवळून पाहिले, तर ही समजूत टिकत नाही. मला यासाठी ब्रेडन होल्टबी या गोलरक्षकाची कारकीर्द सगळ्यांत बोलकी वाटते.

“मोठा खेळाडू डगमगतच नाही”

डगमगतो. होल्टबी कॅनडातल्या लॉइडमिन्स्टरचा. ज्युनियर हॉकी खेळताना तो तापट म्हणूनच ओळखला जायचा. जॉन स्टीव्हन्सन या क्रीडा मानसशास्त्रज्ञाच्या मदतीने त्याने या स्वभावावर काम केलं. पुढे त्याची एक सवय प्रेक्षकांच्या चांगलीच ओळखीची झाली. खेळ थांबला की तो जाळीवर ठेवलेली बाटली उचलायचा, पाण्याची चिळकांडी हवेत उडवायचा आणि त्यातला एकच थेंब हेरून तो खाली पडेपर्यंत त्याच्यावर नजर खिळवायचा.

अनेकांना तो टोटका वाटला. पण गोलरक्षकाचं काम आधी डोळ्यांचं असतं. तीन इंच व्यासाची रबरी चकती, म्हणजे पक, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने पायांच्या गर्दीतून सुटून येते. लक्ष मागच्या गोलात अडकलेलं असेल, तर ती दिसतच नाही. थेंबाचा पाठलाग करताना नजरेला आत्ताचं काम मिळतं. ‘शांत हो’ असं मनाला बजावून मन ऐकत नाही. डोळे मात्र सांगितलेलं ऐकतात.

शिवाय गोल होणार, हे या खेळात हिशेबातच धरलेलं असतं. शंभरातले नव्वदच्या आसपास फटके अडवणारा गोलरक्षक चांगला मानला जातो. एका सामन्यात पंचवीस-तीस फटके आले, तर चांगल्या दिवशीही दोन-तीनदा त्याच्या पाठीमागचा, गोल झाल्याचं सांगणारा लाल दिवा पेटतो. फटके मारणाऱ्यांचं गणित याहून कठोर. वेन ग्रेट्झ्कीचा ८९४ गोलांचा विक्रम २०२५ पर्यंत अबाधित होता. पण ते गोल पाच हजारांहून अधिक फटक्यांतून आले. म्हणजे सहातले जवळपास पाच फटके गोल न होताच गेले.

“संघाबाहेर बसवलं, म्हणजे विश्वास उडाला”

होल्टबीने २०१५-१६ च्या हंगामात ४८ सामने जिंकून लीगच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना पुरस्कार मिळवला. दोनच वर्षांनी, २०१८ च्या बाद फेरीच्या तोंडावर, त्याचा खेळ घसरला. वॉशिंग्टन कॅपिटल्सचे प्रशिक्षक बॅरी ट्रॉट्झ यांनी पहिल्या सामन्यात फिलिप ग्रुबाउअरला उतरवलं. होल्टबी बाकावर.

कोलंबसविरुद्धचा तो पहिला सामना कॅपिटल्स घरच्या मैदानावर जादा वेळेत हरले. दुसऱ्या सामन्यात अर्ध्यातून होल्टबीला बोलावलं गेलं आणि जादा वेळेतला निर्णायक गोल त्याच्यावरच झाला. आधीच्या सलग दोन वर्षांत हाच संघ साखळीत लीगमध्ये अव्वल ठरून दुसऱ्या फेरीत पिट्सबर्गकडून हरला होता. आता तर पहिल्याच फेरीत ०-२. तिथून कॅपिटल्सनी सलग चार सामने जिंकले. पुढे पिट्सबर्गला हरवलं. साखळीत होल्टबीला एकाही सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना शून्यावर रोखता आलं नव्हतं. पण त्यानंतरच्या फेरीत टॅम्पा बेविरुद्ध, हरलो तर घरी, अशा लागोपाठ दोन सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही.

अंतिम लढतीतल्या दुसऱ्या सामन्यात, लास व्हेगासमध्ये, शेवटची दोनेक मिनिटं उरली होती आणि कॅपिटल्स ३-२ ने पुढे होते. प्रतिस्पर्धी संघाच्या ॲलेक्स टकसमोर जाळी जवळजवळ मोकळी होती. होल्टबीने बर्फावर आडवं झेपावत काठीच्या रुंद भागाने पक अडवला. आठवड्याभराने, ७ जूनला, कॅपिटल्सनी लीगच्या अजिंक्यपदाचा आपला पहिला स्टॅन्ली कप उचलला. कर्णधार ॲलेक्स ओव्हेच्किनचा तो तेरावा हंगाम होता.

बाकावर बसवल्याने होल्टबी पेटून उठला, असं यावरून म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. रागाने एखादा सामना निघतो. दोन महिन्यांची बाद फेरी रोजच्या ठरलेल्या कामावर निघते.

“सर्वोत्तम संघ हरला, म्हणजे मनाने कच्चा”

टॅम्पा बे लायटनिंगने २०१८-१९ मध्ये साखळीतले ८२ पैकी ६२ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ०-४ असा मार खाल्ला. सगळं मोडून नव्याने बांधा, असा ओरडा अशा वेळी होतोच. व्यवस्थापनाने प्रशिक्षक जॉन कूपर यांना ठेवलं, मुख्य खेळाडूही ठेवले आणि बरोबरीने काही चिवट, कष्टाळू खेळाडू आणले. २०२० मध्ये बाद फेरीत पुन्हा कोलंबसच समोर आलं. पहिलाच सामना पाचव्या जादा सत्रापर्यंत लांबला. टॅम्पाने तो जिंकला, मग मालिका, मग कप. पुढच्या वर्षी पुन्हा कप. बर्फ, काठ्या आणि उसळणारा पक यांच्या खेळात नशिबाचा वाटा मोठा असतो. पराभवातली चूक किती आणि दुर्दैव किती, हे थंड डोक्याने वेगळं काढणं हे मला जिद्दीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

“दुखापत अंगावर काढणं हीच खरी हिंमत”

हा गैरसमज सगळ्यांत धोक्याचा, आणि तो खेळाच्या आतही आहे. २०१३ च्या अंतिम लढतीत बॉस्टनचा पॅट्रिस बर्जरॉन मोडलेल्या बरगडीसह खेळला. सामन्यानंतर फुफ्फुसाला छिद्र पडल्याचं आढळलं आणि तो थेट रुग्णालयात गेला. त्याचं कौतुक आजही होतं. मला सिडनी क्रॉस्बीचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. जानेवारी २०११ मध्ये, ऐन भरात असताना, डोक्याला मार बसल्यावर तो दहा महिने थांबला. नोव्हेंबरमध्ये परतला, त्या सामन्यात दोन गोल केले, आणि दोन आठवड्यांनी त्रास पुन्हा सुरू होताच पुन्हा थांबला. २०१६ आणि २०१७ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पिट्सबर्गने कप जिंकला. बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडूही दोन्ही वर्षी तोच.

मारामारीबद्दल थोडक्यात: हाणामारी करणाऱ्याला पाच मिनिटं बाहेर बसावं लागतं, आणि कित्येक सामने एकाही मारामारीविना पार पडतात. बाद फेरीतली मालिका संपली, की दोन्ही संघ रांगेत उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवतात.

मनाच्या आजारासाठी मदत मागणं म्हणजे कमकुवतपणा, हा समजही आता ढळतो आहे. लीग आणि खेळाडूंची संघटना मिळून १९९६ पासून त्यासाठी साहाय्य योजना चालवतात. मार्च २०१८ मध्ये बफेलोचा गोलरक्षक रॉबिन लेनर भीतीचा झटका येऊन चालू सामन्यातून बाहेर पडला. त्याने उपचार घेतले आणि त्याच सप्टेंबरमध्ये आपलं व्यसन आणि बायपोलर आजार यांबद्दल स्वतःच्या नावाने जाहीर लिहिलं. पुढच्या हंगामात तो न्यूयॉर्क आयलँडर्सकडून खेळला. त्याने आणि थॉमस ग्राइसने आलटूनपालटून जाळी सांभाळली, आणि त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत कमी गोल त्यांच्याच संघाने खाल्ले.