खेकड्याचा रंग : जात नव्हे, वय आणि कात

मृगाचा पाऊस पडला की पांझरा, अनेर, गिरणा या नद्यांच्या काठाला आणि पाटाच्या बांधांना खेकडे बिळाबाहेर येतात. बादलीत काळपट, तांबूस, मातकट, पांढुरके असे सगळे एकत्र पडले की लगेच निवाडा होतो : हा काळ्या जातीचा, हा लाल जातीचा, हा मऊ लागतोय म्हणजे रोगट. यातलं बरंचसं खरं नाही.

दख्खनच्या गोड्या पाण्यातल्या एका खेकड्याची शास्त्रीय नोंद १८३६ सालची आहे, कर्नल साइक्स यांच्या नमुन्यांवरून केलेली. नाव बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस. या एका जातीतच काळपट ते तांबूस-जांभळट छटा दिसतात. जात ओळखायला अभ्यासक पाठीचा घाट आणि नराचे जननावयव पाहतात. रंगावर विसंबत नाहीत.

मग रंग बदलतो कसा? खेकड्याचं कवच वाढत नाही. आतलं अंग वाढलं की जुनं कवच टाकावंच लागतं. पाठीमागची शिवण उकलते आणि खेकडा उलटा सरकत बाहेर येतो. मागे राहते ती पोकळ पाठ, पाय, नांग्या, डोळ्यांवरचं आवरणसुद्धा. काठावर असं टरफल दिसलं तर खेकडा मेला असं समजू नका. तो जवळच्या बिळात लपलेला असतो. नवं कवच फिकट आणि मऊ असतं. खेकडा पाणी शोषून फुगतो, चुन्याचा अंश भरत जातो, कवच टणक होतं, तेव्हा रंगही चढतो. म्हणजे तो मऊ खेकडा रोगट नाही, नुकती कात टाकलेला आहे. अंगात मांसापेक्षा पाणी जास्त, म्हणून तो पोकळ लागतो.

पिल्लं भरभर कात टाकतात, म्हणून त्यांचं अंग बराच काळ फिकट, कोवळं राहतं. मोठा खेकडा क्वचित टाकतो. त्याच्या जुन्या कवचावर काळ्या मातीचे डाग आणि शेवाळ बसतं. आपण ज्याला ‘काळा’ म्हणतो, त्यातला काही काळेपणा घासल्यावर निघतो.

रश्शात खेकडा लाल होतो, त्याचाही जातीशी संबंध नाही. तांबडं रंगद्रव्य कवचात आधीपासून असतं, प्रथिनाला बांधलेलं. उष्णतेने प्रथिनाची पकड सुटते आणि लाल रंग दिसू लागतो. मात्र रंग आला म्हणून खेकडा शिजला असं नाही. कच्च्या खेकड्यातल्या कृमीमुळे फुप्फुसाचा आजार होतो आणि तो क्षयासारखा भासतो. खेकडा पूर्ण शिजवूनच खा.

आणि काहींना वाटतं तशी पिल्लं चिखलातून उपजत नाहीत. मादी अंडी पोटाच्या रुंद पट्टीखाली धरते. त्यातून थेट इवले खेकडेच बाहेर येतात, जवळजवळ बिनरंगी. धरलेला खेकडा उलटा करून पाहा. नराची पट्टी अरुंद, त्रिकोणी असते. रुंद पट्टीखाली दाणे किंवा पिल्लं दिसली, तर त्या मादीला तिथेच पाण्यात सोडून द्या.