लक्ष न लागणारा विद्यार्थी

वर्गात पाठ चालू असता एखाद्या मुलाची दृष्टी खिडकीबाहेर असते, हात शेजाऱ्याच्या वहीवर असतो आणि गुरुजींचा प्रश्न पुरा होण्यापूर्वीच त्याचे उत्तर बाहेर पडते. अशा मुलास ‘व्रात्य’ ही पदवी मिळण्यास वेळ लागत नाही. दुसरी एखादी मुलगी मुळीच गडबड करीत नाही. ती स्वस्थ बसलेली असते, परंतु निम्मा पाठ तिच्या मनापर्यंत पोहोचतच नाही. तिला ‘मंद’ म्हटले जाते. ही दोन्ही विशेषणे पुष्कळदा अन्यायाची असतात. बुद्धी शाबूत असूनही अवधान टिकत नाही, हेच दोहोंच्या मुळाशी असण्याचा संभव असतो.

लंडनमधील बालवैद्य जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. आज या अवस्थेस अवधान-न्यूनता व अतिचंचलता, अथवा इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एडीएचडी’ म्हणतात. जगात शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांत ती आढळते, असा अंदाज आहे. ती बहुधा आनुवंशिक असते. आईबापांच्या लाडामुळे ती उत्पन्न होत नाही, आणि छडीने जातही नाही.

मात्र प्रत्येक चंचल मूल या वर्गात मोडत नाही. ही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागलेली असावी लागतात. ती सहा महिने तरी टिकावी लागतात. आणि शाळेतच नव्हे, तर घरीही दिसावी लागतात. म्हणून प्रथम मुलाचे कान व डोळे तपासावेत, त्यास पुरेशी झोप मिळते की नाही हे पाहावे.

इंदूर जिल्ह्यातील सांवेरसारख्या गावी मराठी घरातील मुलाच्या बाबतीत आणखी एक विवेक करावा लागतो. घरची भाषा मराठी, शाळेची हिंदी. तेव्हा मूल ऐकत नाही, की त्यास शब्दच उमगत नाही? मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत तीच ‘शिक्षा’ म्हणजे विद्याभ्यास. तीच गोष्ट मराठीत सांगितल्यावर मूल मन लावून करीत असेल, तर उणीव भाषेची समजावी. दोन्ही भाषांत लक्ष उडत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत ज्या विकारांचा शोध घ्यावयाचा, त्यांत हाही विकार समाविष्ट आहे. तपासणीचे पथक शाळेत येईल तेव्हा शिक्षकांनी आपली शंका अवश्य सांगावी.

वर्गातील उपाय साधे आहेत. मुलास पुढच्या ओळीत, दारखिडकीपासून दूर बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी व ती त्याच्याकडून वदवून घ्यावी. दहा गणिते एकदम न देता तीन द्यावीत, ती तपासावीत, मग पुढची द्यावीत. मधूनच फळा पुसण्याचे अथवा वह्या वाटण्याचे काम सांगावे. त्यामुळे अंगातील चुळबुळीस वाट मिळते. शाबासकी तत्काळ द्यावी. महिनाअखेरच्या बक्षिसाची प्रतीक्षा या मुलांस झेपत नाही. दंड म्हणून मधली सुट्टी कधीही काढून घेऊ नये, कारण धावण्याखेळण्याची सर्वाधिक गरज त्यांनाच असते. गुरुजींनी एका छोट्या वहीत दिवसाच्या दोन ओळी लिहाव्यात व घरी पालकांनी त्या वाचाव्यात.

अगदी लहान वयात औषधापूर्वी पालकांनाच योग्य वर्तनपद्धती शिकविणे इष्ट ठरते. पुढे काही मुलांस औषधाचा चांगला उपयोग होतो. परंतु ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यावे, आणि भूक व झोप यांवर लक्ष ठेवावे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक दंड व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे. अवधान-न्यूनतेचे मात्र त्या यादीत स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे वाचन-लेखनातही अडचण असेल, तर तिची तपासणी निराळी करून घ्यावी. इतरांच्या बाबतीत पुष्कळसा भार शिक्षकाच्या समजुतीवरच राहतो. रोज ‘नालायक’ हा शब्द ऐकणारे मूल अखेर त्यावर विश्वास ठेवते, आणि शाळा सोडते. पुढच्या ओळीतील एक जागा आणि वेळेवर मिळालेला एक चांगला शब्द यांनी हे टळू शकते.