प्रेक्षकसंवर्धन (मराठी रंगभूमी)

प्रेक्षकसंवर्धन म्हणजे नाटक, संगीत, नृत्य इत्यादी प्रयोगरूप कलांच्या संस्थांनी आपल्या प्रयोगांना नियमाने येणारा, जाणकार आणि संस्थेविषयी आपुलकी असणारा प्रेक्षकवर्ग घडविण्यासाठी केलेले दीर्घकालीन प्रयत्न होत. जाहिरात व प्रेक्षकसंवर्धन या दोन भिन्न गोष्टी आहेत. जाहिरातीचा हेतू एका प्रयोगाची तिकिटे खपविणे हा असतो, तर प्रेक्षकसंवर्धनाचा हेतू एकदा आलेला प्रेक्षक पुन्हा, आणि अपरिचित नाटकालाही, यावा हा असतो. छापलेले पुस्तक वाचकाची वाट पाहत कपाटात राहू शकते. नाटकाचा प्रयोग मात्र समोर प्रेक्षक असल्याखेरीज पुरा होत नाही. त्यामुळे या कलांच्या बाबतीत प्रेक्षकाचा प्रश्न हा संस्थेच्या अस्तित्वाचाच प्रश्न ठरतो. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे वेळोवेळी बदलत गेलेली दिसतात.

राजाश्रयाकडून तिकिटाकडे

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे ‘सीता स्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग केला. त्यास सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा आश्रय होता. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाले आणि हा आधार तुटला. त्यानंतर भावे यांना नाटक मंडळी घेऊन गावोगावी जावे लागले. १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. या बदलाचे महत्त्व केवळ आर्थिक नाही. दरबारात एका आश्रयदात्याची मर्जी राखणे पुरेसे असे. तिकीट आल्यावर अनेक अनोळखी माणसांची मर्जी रोज नव्याने मिळविणे भाग पडले.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने (१८८०) संगीत नाटकाचे युग सुरू झाले. नाट्यपदे प्रेक्षकांच्या ओठी बसली, घरोघर गायिली जाऊ लागली आणि पुढील प्रयोगाकडे माणसे खेचू लागली. एकच नाटक वारंवार पाहणारा, आवडत्या पदाला ‘वन्स मोअर’ देणारा रसिक याच काळात तयार झाला. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या काळात बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांतील वेशभूषेचे अनुकरण घराघरांतील स्त्रिया करीत. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग या लोकप्रियतेचे शिखर मानला जातो.

तथापि हा प्रेक्षक मुख्यतः गाण्याचा आणि नटाचा होता. बोलपट आल्यावर (पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’, १९३२) गाणे आणि नट दोन्ही कमी पैशात पडद्यावर मिळू लागले, आणि अनेक नाटक मंडळ्यांचा डोलारा कोसळला. प्रेक्षकांची गर्दी असणे आणि संस्थेला स्वतःचा प्रेक्षक असणे यांतील अंतर या पडझडीने दाखवून दिले.

सभासद प्रेक्षक

स्वातंत्र्योत्तर काळात हौशी आणि प्रायोगिक संस्थांनी या प्रश्नाचा निराळा विचार केला. १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेमुळे मुंबई-पुण्याबाहेरील केंद्रांवर दरवर्षी नवी नाटके पाहण्याची सवय रुजली.

विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू प्रभृतींच्या सहभागाने १९६० मध्ये उभ्या राहिलेल्या ‘रंगायन’ने वर्गणीदार सभासदांची पद्धत अवलंबिली. या पद्धतीत प्रेक्षक एका नाटकाचे तिकीट घेत नाही. तो संस्थेच्या निवडीवर विश्वास ठेवून आगाऊ पैसे भरतो. परिणामी संस्थेला अनोळखी लेखकाचे किंवा अवघड विषयाचे नाटक करण्याचे धाडस करता येते. या पद्धतीची मर्यादा अशी की सभासदसंख्येबाहेरचा समाज त्या नाटकापर्यंत सहसा पोहोचत नाही.

पुढे ‘आविष्कार’ या संस्थेने १९७४ पासून दादर येथील छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. सभागृह लहान, रंगमंच साधा आणि तिकीट अल्प दराचे होते. अनेक संस्थांची नाटके त्याच ठिकाणी होऊ लागल्याने ‘छबिलदास’ हे नावच एका चळवळीचे नाव झाले. नाटक कोणाचे आहे हे न पाहता, तेथे काही नवे असेल या भरवशावर येणारा प्रेक्षक हे तिचे मोठे संचित होय. एक ठरलेली जागा, नियमितपणा आणि परवडणारा दर ही त्रयी प्रेक्षकसंवर्धनात किती उपयोगी पडते, याचे हे उदाहरण आहे.

गावाची जबाबदारी

शहरी संस्थांना प्रेक्षक शोधावा लागतो. काही लोकपरंपरांत प्रेक्षकच नाटकाला बोलावतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमी हे त्याचे ठळक उदाहरण. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरू लागते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावातील मंडळ वडसा (देसाईगंज) येथील नाट्यमंडळाशी प्रयोग ठरविते, मंडप उभारते आणि तिकिटेही विकते. मंडईच्या निमित्ताने पाहुणे गावी येतात आणि रात्रभर चालणारे नाटक हा पाहुणचाराचाच भाग होतो. येथे तिकिटे खपविण्याची जोखीम बव्हंशी गावाने पत्करलेली असते. म्हणून प्रयोग यशस्वी होणे ही गावाच्या प्रतिष्ठेची बाब ठरते. गोव्यात देवळांच्या जत्रोत्सवांत गावकरीच नाटक बसवितात. तेथे नट आणि प्रेक्षक एकाच वाड्यावरचे असल्याने नाटकाशी असलेले नाते आपसूकच जडते.

भावी प्रेक्षक

आजचे मूल उद्याचा प्रेक्षक आहे, ही जाणीव बालरंगभूमीच्या मुळाशी आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ची स्थापना करून मुलांसाठी सुसज्ज नेपथ्याची, मोठ्यांच्या नाटकाइतक्याच गांभीर्याने बसविलेली नाटके सादर केली. महाविद्यालयीन वयात हेच कार्य एकांकिका स्पर्धा करतात. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेतर्फे १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत नाटक करणाऱ्यांइतकाच ते पाहावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांचाही उत्साह असतो. यांतील थोडेच जण पुढे रंगकर्मी होतात; उरलेल्यांतून जाणता प्रेक्षक मिळतो.

संगीताच्या क्षेत्रात भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने असेच कार्य केले. अल्प दराच्या भारतीय बैठकीमुळे रागसंगीताची फारशी ओळख नसलेला श्रोताही जाणकारांच्या शेजारी बसून ऐकू लागला. दाद कोठे द्यावी हे तो शेजाऱ्याकडून शिकला.

अडचणी

नाट्यगृहाचे भाडे, कलावंतांची ‘नाइट’, बसचा खर्च आणि वृत्तपत्रांतील जाहिराती यांचा भार प्रत्येक प्रयोगावर पडतो. तिकिटाचा दर वाढविल्यास मध्यमवर्गीय प्रेक्षक दुरावतो, न वाढविल्यास प्रयोग तोट्यात जातो. सभागृह भरलेले दिसावे म्हणून फुकट पास वाटण्याचा मार्ग काही संस्था स्वीकारतात. त्याने त्या रात्री खुर्च्या भरतात. परंतु पैसे मोजून येणाऱ्याला आपण मूर्ख ठरलो असे वाटते, आणि पासावर येणाऱ्याला पुढे तिकीट काढणे जड जाते. केवळ एखाद्या लोकप्रिय चेहऱ्यावर विसंबणाऱ्या नाटकाचा प्रेक्षक त्या चेहऱ्याबरोबर निघून जातो. याउलट प्रयोगानंतरची चर्चा, नाट्यवाचन, तालमीस विद्यार्थ्यांना दिलेला प्रवेश, शाळांतील प्रयोग यांसारखे उपक्रम तत्काळ उत्पन्न देत नाहीत. त्यांचे फळ काही वर्षांनी मिळते. म्हणून अल्प निधीच्या संस्थांत सर्वप्रथम हेच उपक्रम बंद पडतात. ‘हाऊसफुल्ल’चा फलक हे एका प्रयोगाच्या यशाचे माप आहे, संस्थेचा प्रेक्षक घडला की नाही, हे तिच्या पुढच्या, अद्याप नाव न झालेल्या नाटकाच्या तिकीट खिडकीवरच कळते.

हे सुद्धा पहा

संगीत नाटक • प्रायोगिक रंगभूमी • झाडीपट्टी रंगभूमी • बालरंगभूमी • राज्य नाट्य स्पर्धा