परदेशी पदवी आणि वाया जाणारी वर्षे

पुण्याच्या महाविद्यालयांतून आफ्रिकी विद्यार्थी अनेक वर्षांपासून दिसतात. इंग्लंड-अमेरिकेत त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. हे तरुण मायदेश का सोडतात, याचे उत्तर बहुधा परदेशी जीवनाच्या आकर्षणात शोधले जाते. हे उत्तर सोयीचे, परंतु अपुरे आहे. आफ्रिकेतील सर्वाधिक लोकसंख्येच्या नायजेरियाचे उदाहरण पाहिले, तर या स्थलांतराचे मूळ तेथील विद्यापीठांच्या अवस्थेत आढळते.

ही अवस्था पूर्वापार नव्हती. १९४८ साली इबादान येथे निघालेल्या विद्यापीठीय महाविद्यालयाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत पुढे विख्यात झालेले कादंबरीकार चिनुआ अचेबे होते. लंडन विद्यापीठाची पदवी त्यांना मायदेशात राहूनच मिळाली. १९८० नंतरच्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि १९८६ साली सरकारने आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम स्वीकारला. नायरा या चलनाचे अवमूल्यन झाले, प्राध्यापकांच्या वेतनाचे मोल घटले आणि अनेकांनी परदेशाची वाट धरली. आजच्या विद्यार्थ्यांच्या आधी त्यांचे शिक्षक गेले होते, हे विसरून चालणार नाही.

आता दरवर्षी १५ लाखांहून अधिक तरुण प्रवेशपरीक्षेला बसतात. त्यांतील निम्म्यांनाही जागा मिळत नाही. ज्यांना मिळते, त्यांना पदवी केव्हा मिळेल याची शाश्वती नसते. सरकारने केलेला करार पाळावा, या मागणीसाठी प्राध्यापकांनी १४ फेब्रुवारी २०२२ रोजी पुकारलेला संप आठ महिने चालला. २०२० मध्येही असाच दीर्घ संप झाला होता. प्राध्यापकांची मागणी रास्त असली, तरी वर्ष बुडते ते विद्यार्थ्याचे. शासकीय विद्यापीठाचे शुल्क अल्प असते खरे; परंतु चार वर्षांच्या पदवीस सहा वर्षे लागली, तर दोन वर्षांची बुडालेली कमाई हेही शुल्कच होय. परदेशात जाणारा विद्यार्थी पदवीबरोबर वेळेची हमी विकत घेत असतो.

ही हमी मात्र दिवसेंदिवस महाग होत आहे. जून २०२३ मध्ये विनिमयदरावरील नियंत्रण सैल होताच वर्षभरात डॉलरच्या तुलनेत नायऱ्याचे मूल्य निम्म्याहूनही खाली गेले. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत आणण्यास मनाई केली. तेव्हा ज्यांच्या घरी परकीय चलन जमविण्याची ऐपत आहे, ते आजही जातात. शिक्षकाचा वा कारकुनाचा मुलगा संप मिटण्याची वाट पाहत घरी बसतो.

परदेशगमनाला देशद्रोह ठरवून हा ओघ थांबणार नाही. परदेशी विद्यापीठांच्या तिजोरीत जाणारा पैसा नायजेरियन कुटुंबांच्याच बचतीतून येतो. ठरलेल्या दिवशी वर्ग भरतील आणि ठरलेल्या वर्षी पदवी मिळेल, एवढा विश्वास शासनाने निर्माण केला, तर त्यातील बराच पैसा देशातच राहील. तरुणांना मायदेशी थांबा म्हणण्याचा अधिकार शासनाला त्यानंतरच प्राप्त होईल.