पाणी कमी होतंय, पण जातंय कुठे?

पुण्यातल्या जुन्या मोटारीची कसोटी दोन ठिकाणी लागते: कात्रज-खंबाटकीच्या चढावर आणि हिंजवडीच्या संध्याकाळच्या कोंडीत. चढावर इंजिनावर भार जास्त असतो आणि वेग कमी. कोंडीत तर रेडिएटरच्या जाळीतून जाणारा वारा पंख्याचाच काय तो. अशा वेळी तापमानाचा काटा वर सरकला, की मालकाला दोनच उपाय सुचतात. बाटलीभर पाणी ओतायचं, नाही तर रेडिएटरच बदलून टाकायचा. दोन्हींत एक प्रश्न राहूनच जातो: पाणी कमी होतंय, तर ते जातंय कुठे? याचं उत्तर मिळेपर्यंत खर्च करू नये. आणि थंड, उभ्या गाडीखाली वाकून पाहिलं तर ते उत्तर सहसा मिळत नाही.

याचं कारण दाब. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिन मात्र ९० अंशांच्या घरात चालतं, म्हणजे मधलं अंतर फारच थोडं. ते वाढवण्यासाठी रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. झाकणाने ०.९ बार दाब धरला, तर तेच पाणी जवळजवळ ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच झाकणाची स्प्रिंग ढिली पडली किंवा रबर कडक झालं, तर रेडिएटर शाबूत असूनही पाणी उकळून बाहेर पडतं. शिवाय केसाएवढी चीर दाबाखालीच उघडते आणि गाडी थंड झाली की मिटते. गरम इंजिनावर पडलेला थेंब तर जमिनीवर पोचण्याआधीच वाळतो.

तेव्हा गळती शोधायची ती दाबाखालीच. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर झाकण काढून त्या जागी मापक असलेला हातपंप बसवतात आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरतात. दहा-पंधरा मिनिटांत काटा उतरला, तर गळती आहेच. मग टॉर्च घेऊन होज पाइपांची टोकं, क्लिपा, टाकी आणि जाळीचा सांधा, वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र एकेक करून पाहायचं. वाळलेल्या कूलंटचा हिरवट किंवा पांढरट थर हा नेमका पुरावा असतो. बाहेर काहीच दिसत नसेल, तर गळती आत आहे. केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर चिकट वाफ असेल तर संशय हीटरच्या जाळीवर जातो. ऑइल दुधाळ झालं असेल, किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहत असेल, तर हेड गॅसकेटवर. अशा गाडीला नवा रेडिएटर बसवूनही फरक पडणार नाही. उलट एसी चालू असताना खाली टपकणारं स्वच्छ पाणी म्हणजे गळती नव्हे.

जागा कळली की दुरुस्ती धातू पाहून ठरते. फियाट, अॅम्बॅसडरच्या काळातले तांब्या-पितळेचे रेडिएटर उघडून, नळ्या साफ करून डाख लावता येतो. चांगल्या कारागिराचं काम पुढे वर्षानुवर्षं टिकतं. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. उष्णतेने ठिसूळ झालेल्या टाकीला एम-सील फासणं म्हणजे पुढच्या घाटापर्यंतची सोय. तिथे टाकी किंवा अख्खा रेडिएटर बदलणंच शहाणपणाचं. होज, क्लिप किंवा झाकण मात्र नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत फार खर्च न करता मिळतं, आणि कित्येकदा गळतीचं मूळ तिथेच असतं.

यावर कुणी म्हणेल, पुण्यात बर्फ पडत नाही. मग कूलंट हवंच कशाला, नळाचं पाणी का नको? पण कूलंटचं काम गोठण रोखण्यापुरतं नाही. त्याने उत्कलनबिंदू वाढतो आणि आतला धातू गंजत नाही. बोअरच्या जड पाण्यातले क्षार जाळीच्या नळ्यांत साचतात आणि आजची गळती थांबेपर्यंत उद्याचा अडथळा तयार होतो. म्हणून कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच, डब्यावरच्या प्रमाणात मिसळावं. ते विषारी आणि चवीला गोड असल्यामुळे सांडलेलं तसंच ठेवू नये, कुत्री-मांजरं चाटतात. गळती बुजवणारी पावडर किंवा द्रव वापरण्याचा मोहही होतो. आडरानात अडकल्यावर त्याचा उपयोग आहे, हे खरं. पण ते चीर ओळखून तेवढीच बुजवत नाही. हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही ते बसू शकतं.

राहिला शेवटचा आक्षेप: पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीवर एवढा खटाटोप कशाला? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणीनंतर पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. अशी गाडी ठेवायची ठरवली, तर तिच्यात सगळ्यांत महाग पडतं ते तापून वाकलेलं सिलिंडर हेड. काट्यावर विसंबावं, तर पाणी पार संपल्यावर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटा दिलासा देऊ शकतो. दाबाच्या तपासणीचा खर्च त्या हेडच्या कामापुढे किरकोळच असतो. म्हणून मेकॅनिकने पाहताक्षणी ‘रेडिएटर गेला’ असं सांगितलं, तर आधी दाब भरून गळती दाखवायला सांगावं आणि मगच पैसे काढावेत.