जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बदलताना

बडोद्यासारख्या विद्यापीठाच्या शहरात अभियांत्रिकी वा दृश्यकलेचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींसाठी पालक अनेकदा गेमिंग लॅपटॉप घेतात. नावाने हे यंत्र खेळाचे असले, तरी त्यात चित्रप्रक्रियेची स्वतंत्र चिप असल्यामुळे यंत्ररेखाटन, त्रिमितीय आराखडे आणि चित्रफितींचे संपादन यांसाठीही ते उपयोगी पडते. मात्र काही वर्षे लोटली की तेच यंत्र सुरू होण्यास तीन-चार मिनिटे घेऊ लागते आणि नवे यंत्र घेण्याचा सल्ला मिळतो. पन्नास-साठ हजार रुपयांचा हा खर्च पुष्कळदा टाळता येण्यासारखा असतो. कारण दोष यंत्राच्या मेंदूचा नसून माहिती साठविणाऱ्या हार्ड डिस्कचा असतो.

२०१६ ते २०१९ या काळात आपल्याकडे विकल्या गेलेल्या अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये एक टीबीची फिरती हार्ड डिस्क असे. तिच्यातील तबकडी मिनिटाला साधारणतः ५,४०० फेरे घेते. हवी ती माहिती वाचण्यासाठी वाचकशीर्ष योग्य वर्तुळावर सरकावे लागते आणि तबकडीचा तो भाग त्याच्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. यात सेकंदाचा सुमारे पंधरा सहस्रांश भाग जातो. म्हणजे विखुरलेल्या ठिकाणांची वाचने सेकंदाला जेमतेम साठ-सत्तरच होतात. संगणक सुरू होताना तर हजारो लहानलहान फाईली वाचाव्या लागतात.

सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. तीत सूक्ष्म कप्प्यांमध्ये विद्युत्‌भार अडकवून माहिती राखली जाते. नॅण्ड फ्लॅश या नावाने ओळखली जाणारी ही स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली जगापुढे मांडली. येथे उत्तर मिळण्यास सेकंदाचा दहासहस्रांश भाग वा त्याहूनही कमी वेळ पुरतो.

बडोदेकरांस हा फरक ग्रंथालयाच्या दाखल्याने चटकन उमगेल. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास आरंभ केला. अशा मोठ्या ग्रंथालयात एकच शिपाई असेल, तर एका मांडणीवरचे ओळीने लावलेले वीस खंड तो झटपट आणील. पण वीस निरनिराळ्या दालनांतली वीस पुस्तके मागितली, तर त्याचा सारा वेळ चालण्यातच जाईल. हार्ड डिस्क म्हणजे हा शिपाई होय. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये जणू प्रत्येक कपाटापाशी एकेक माणूस उभा असतो.

या बदलामुळे यंत्र लवकर सुरू होते आणि खेळ वा आज्ञावली झटपट उघडतात. परंतु खेळ चालू असताना पडद्यावर सेकंदाला किती चित्रे उमटतात, हे चित्रप्रक्रियेच्या चिपवर ठरते. ती संख्या वाढेल या आशेने हा खर्च करू नये.

खरेदीपूर्वी यंत्रात कोणती जागा आहे, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे. जुनी हार्ड डिस्क अडीच इंची असते आणि त्याच आकाराची सॅटा ड्राइव्ह तिच्या जागी बसते. तिचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबी असतो. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये याखेरीज एम.२ नावाची अरुंद खाच रिकामी असते. येथे फसगत होते; कारण २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी ही पट्टी सॅटा आणि एनव्हीएमई अशा दोन्ही प्रकारांत मिळते, आणि काही खाची यांपैकी एकच प्रकार स्वीकारतात. एनव्हीएमईचा वेग ३,५०० एमबी वा त्याहून अधिक असला, तरी दैनंदिन कामात खरी झेप जाणवते ती हार्ड डिस्क सोडल्यावरच. जुन्या यंत्रासाठी सर्वांत महागडी ड्राइव्ह घेण्यात काहीच हशील नाही.

काम आरंभण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत अन्यत्र काढून ठेवावी, तसेच बिटलॉकर चालू असल्यास त्याची पुनर्प्राप्ती किल्ली लिहून ठेवावी. यंत्र बंद करून चार्जर काढावा, आतील बॅटरीची जोडणी सोडवावी आणि धातूच्या वस्तूस स्पर्श करून अंगातील स्थिर विद्युत्‌ घालवावी. कोरड्या हिवाळ्यात ही काळजी विशेष घ्यावयास हवी. एम.२ पट्टी दाबून धरणारा चिमुकला स्क्रू पुष्कळदा जागेवर नसतोच, तो आधीच मिळवून ठेवावा. यंत्राची हमी शिल्लक असल्यास तिच्या अटीही वाचाव्यात.

आणखी एक हिशेब आधीच करावयास हवा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि २०१६ च्या सुमाराची बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स, उदाहरणार्थ सी-डॅकने तयार केलेली बॉस प्रणाली, वापरता येते. मात्र आपले खेळ वा आज्ञावली तीवर चालतील की नाही, हे आधी पडताळावे.

नवी ड्राइव्ह लवकर झिजेल अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. ५०० जीबीच्या अनेक ड्राइव्हना ३०० टीबी लेखनापर्यंत हमी असते. रोज ३० जीबी लिहिले तरी ते पुरे होण्यास सत्तावीस वर्षे लागतील. मात्र हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा खरखरते, तशी पूर्वसूचना येथे मिळेलच असे नाही. ड्राइव्ह एकाएकी बंद पडते आणि पुसलेली माहितीही सहसा परत मिळत नाही.

काढलेली हार्ड डिस्क धडधाकट असल्यास बाह्य पेटीत बसवून दुसरी प्रत ठेवण्यास वापरावी. ती कोणास देणार असाल, तर नुसत्या फाईली पुसून भागत नाही. संपूर्ण डिस्कवर नव्याने लेखन करणारी आज्ञावली एकदा चालवावी आणि मगच ती हातावेगळी करावी; बिघडलेली असेल तर ती भंगारवाल्यास न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावी.