रक्ताचे नाते, न पाहिलेल्या माणसाशी

पाल शेपूट टाकून पळते आणि काही दिवसांनी नवं शेपूट घेऊन भिंतीवर हजर होते. आपलं तसं नाही. माणूस काय किंवा कांगारू काय, सस्तन प्राण्याचा तुटलेला अवयव सहसा पुन्हा उगवत नाही. तरीही आपल्या शरीरातले काही कारखाने जन्मभर चालू असतात. त्यातला एक मोठा कारखाना म्हणजे हाडांच्या पोकळीतली अस्थिमज्जा, अर्थात बोन मॅरो. रक्तातली तांबडी पेशी जेमतेम १२० दिवस जगते. ही तूट भरून काढायला मज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात, आणि त्या सगळ्यांचं मूळ थोड्याशा स्टेम सेल्समध्ये असतं.

या कारखान्याला हुकूम कोण देतं, याचा शोध लावण्यात आपल्या मेलबर्नचा मोठा वाटा आहे. डॉ. डोनाल्ड मेटकाफ १९५४ मध्ये तिथल्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. साठच्या दशकात त्यांनी आणि मेलबर्न विद्यापीठाच्या रे ब्रॅडली यांनी उंदराच्या मज्जेतल्या पेशी अगारमध्ये (म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला चायना ग्रासच!) वाढवल्या. पेशींचे पुंजके वाढायला लावणारे जे पदार्थ त्यातून लक्षात आले, ते कॉलनी स्टिम्युलेटिंग फॅक्टर, थोडक्यात सीएसएफ. ते शुद्ध स्वरूपात हाती यायला जवळजवळ दोन दशकं लागली. केमोथेरपीने ढासळलेलं रक्त सावरायला यातलाच जी-सीएसएफ आज जगभर वापरतात. १९८८ मध्ये मेलबर्नच्याच डॉक्टरांनी दाखवून दिलं, की त्याच्या इंजेक्शनने मज्जेतल्या पेशी रक्तात उतरतात. मेटकाफ २०१४ मध्ये निवर्तले.

मात्र हा कारखानाही म्हातारा होतो. वयाबरोबर स्टेम सेल्सची कुवत घटते आणि त्यांत जनुकीय चुका साठत जातात. म्हणूनच ल्युकेमियासारख्या आजारात रुग्णाला दुसऱ्याच्या स्टेम सेल्स द्यायच्या झाल्या, तर डॉक्टर तरुण दाता पसंत करतात. ऑस्ट्रेलियात नाव नोंदवण्याचं वय १८ ते ३५ आहे.

आता आपला प्रश्न. दात्याचा आणि रुग्णाचा एचएलए प्रकार जुळावा लागतो. सख्ख्या भावंडाशी तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. घरात जुळला नाही, तर आपल्याच वंशाच्या अनोळखी माणसाशी जुळण्याची आशा अधिक. जगभरच्या नोंदवह्यांत चार कोटींहून अधिक दाते आहेत, पण त्यात भारतीय वंशाचे लोक आपल्या लोकसंख्येच्या मानाने फारच थोडे. उद्या आपल्यातल्याच एखाद्या लेकराला गरज पडली, तर यादीत शोधायचं कोणाला?

'मणक्यात सुई खुपसतात' ही भीती अनेक आई-वडिलांच्या मनात असते. ती निराधार आहे. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की झालं. पुढे जुळणी झालीच, तर बहुतेक वेळा काही दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं घ्यायची आणि मग काही तास हाताला नळी लावून पडून राहायचं. हाडं दुखतात, डोकं दुखतं. पण दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात. क्वचित कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, तीही भूल देऊन.

एक गोष्ट मात्र मुलांना स्पष्ट सांगायला हवी. रोपणापूर्वी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी नष्ट केलेली असते. त्या टप्प्यावर दात्याने माघार घेतली, तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. तेव्हा मित्राने केलं म्हणून नव्हे, तर पुरता विचार करूनच होकार द्यावा.

स्टेम सेल डोनर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेकडे नाव नोंदवता येतं. आपल्यापैकी अनेकांचं वय आता उलटून गेलं आहे. पण घरात विशी-पंचविशीची मुलं आहेत ना? आज रात्री जेवताना त्यांच्यापाशी विषय काढा.